पाहुणी म्हणून नको, बदलीवर जा

ताई,

मी बेचाळीस वर्षांची. सोळा वर्षांपूर्वी नर्स म्हणून परदेशी आले. लग्न इथलंच, घरही इथेच. वृद्धांच्या निवासी केंद्रात काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या आईवडिलांना उठवते, भरवते, त्यांची औषधं बघते. माझे बाबा ७९ वर्षांचे, आई ७४. धाकटा भाऊ त्यांच्याजवळ राहतो. गेल्या वर्षी बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं. मी दहा दिवसांची रजा काढून गेले. डॉक्टरांशी बोलले, औषधं बदलायला लावली, बाबांची कॉट हलवली. मदतनीस बाई धड काम करत नव्हती, तिला काढायला लावलं आणि परत आले. तेव्हापासून भाऊ माझ्याशी तुटक बोलतो. मागच्या महिन्यात म्हणाला, "तू पैसे पाठव. सल्ले पाठवू नकोस."

आई म्हणते, "आम्ही नऊ भावंडं. माझ्या आईला म्हातारपणी एक दिवस एकटीने काढावा लागला नाही." ती टोमणा मारत नाही, नुसतं सांगते. मला मात्र लागतं. फोन ठेवला की ती रडते, असं भाऊ म्हणतो. माझा मुलगा ११ वर्षांचा. आजीचं बोलणं त्याला कळतं, पण उत्तर इथल्या भाषेत देतो. मग दोघं एकमेकांकडे बघून नुसते हसत राहतात. नवरा म्हणतो, आईबाबांना इकडेच आणू. भाऊ म्हणतो, त्यांना विचारलंस का? मला वाटतं, सगळं सोडून परत जावं. मी गेले हेच चुकलं का?

– दोन घड्याळं बघणारी

प्रिय मैत्रिणी,

शेवटचा प्रश्न आधी घेते, म्हणजे तो वाटेतून बाजूला होईल. तुम्ही गेलात हे चुकलं नाही. चुकलं ते त्या दहा दिवसांच्या रजेत, आणि ते अजून तुमच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. त्याकडे येतेच. पण आधी आईच्या नऊ भावंडांचा हिशोब करू. तुमच्या मनावर जे ओझं आहे, त्यातलं निम्मं या नऊ आकड्याचं आहे.

आईला एकदा सहज विचारा, नऊ जन्मली की नऊ वाढली? पुष्कळ घरांत हे दोन आकडे वेगळे असतात आणि जुनी माणसं कधी एक सांगतात, कधी दुसरा. तुमच्या आईचा जन्म १९५० च्या आसपासचा. तेव्हा जगात एका बाईला सरासरी पाच मुलं होत, आणि जन्मलेल्या दर चार-पाच मुलांतलं एक पाच वर्षांचं व्हायच्या आत जात असे. जगाचं सरासरी आयुर्मान होतं ४६ वर्षं. आज मुलांची सरासरी सव्वादोनवर आली आहे, आयुर्मान ७३ वर गेलं आहे आणि पाचव्या वाढदिवसाआधी दगावणारी मुलं शंभरात चारसुद्धा उरलेली नाहीत. अभ्यासक याला लोकसंख्येचं संक्रमण म्हणतात. नाव जड असलं तरी घरातला अर्थ साधा आहे. आधी मरणं कमी झाली, जन्म मागाहून कमी झाले. या दोन्हींच्या मधे एखाद-दुसरी पिढी अशी आली, की मुलं पूर्वीइतकीच होत होती आणि जगतही होती. तुमची आई त्या पिढीतली. नऊच्या नऊ भावंडं मोठी झालेली, धडधाकट, एकमेकांच्या घरी जा-ये करणारी, हे चित्र त्याआधी दुर्मीळ होतं आणि आता पुन्हा दुर्मीळ झालं आहे. आई ज्याला जगरहाटी समजते, ती मधली एक लाट होती.

'पूर्वी घरं भरलेली असायची' या वाक्याबद्दल मला असाही थोडा संशय आहे. इंग्लंडमधल्या सोळाव्या शतकापासूनच्या गावोगावच्या याद्या पीटर लॅस्लेट आणि केंब्रिजमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या, तेव्हा तिथलं सरासरी घर शतकानुशतकं पाच माणसांपेक्षाही लहान निघालं. सगळीकडे तसंच होतं असं नाही. पण ज्यांची घरं भरलेली होती त्यांनीच आठवणी सांगितल्या, हे धरून चालावं.

आईला दुसरा प्रश्न जरा जपून विचारा. आजी आजारी असायची तेव्हा रात्री कोण उठायचं? मला खात्री आहे की उत्तर 'आम्ही सगळे' असं येणार नाही. एका बाईचं नाव येईल. एखादी मुलगी, एखादी सून, क्वचित लग्न न झालेला मुलगा. बाकीचे येऊन बसत, चौकशी करत, आजीला बरं वाटे, आणि त्याचं मोल होतंच. पण जिच्या रात्री त्या खोलीत गेल्या, तिला कुणी विचारलं नव्हतं की बाई, तुला हे करायचंय का. नऊ भावंडांच्या घरातही भार वाटला जात नव्हता. न करणारे इतके होते, की करणारी दिसत नसे.

तुमच्या घरात दोघंच आहात, म्हणून दिसतंय. त्यात मुदतही वाढली आहे. पूर्वी म्हातारपणाचं करणं बहुधा काही महिन्यांचं असे. आता ते दहा-पंधरा वर्षं चालू शकतं. तुमचा भाऊ जे करतो आहे, ते इतकी वर्षं, इतक्या कमी माणसांत, याआधी फारसं कुणी केलेलंच नाही. त्याला बघून शिकायला कुणी नाही आणि तुम्हालाही नाही.

आता तुमचं जाणं. मनाने गेलात, पगारासाठी गेलात, जग बघायला गेलात, सगळं खरं. पण तिकडे तुमच्यासाठी जागा रिकामी होती, ती का? लोकसंख्या आहे तेवढी राहायला बाईमागे २.१ मुलं लागतात. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये तो आकडा ०.७२ होता. जपानमध्ये शंभरातली २९ माणसं ६५ च्या पुढची आहेत. जिथे म्हातारे वाढतात आणि हात कमी पडतात, तिथे दुसरीकडच्या मुली बोलावल्या जातात. फिलिपिन्सने तर १९७४ च्या कामगार संहितेपासून माणसं परदेशी कामाला पाठवणं हे सरकारी धोरणच करून टाकलं. या सगळ्याला अर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली एक नाव दिलं, जागतिक काळजी-साखळी. एक बाई दुसऱ्या देशातल्या म्हाताऱ्यांना किंवा मुलांना सांभाळायला जाते. तिच्या मागे राहिलेल्यांना तिसरी कुणी सांभाळते. त्या तिसरीच्या घरी कोण असतं, ते कुणी विचारत नाही.

त्या साखळीत तुम्ही मधली कडी आहात. तुमच्या पुढे कोण आहे ते तुम्हाला रोज दिसतं. मागे कोण होती, ते सांगू? ती मदतनीस बाई, जिला तुम्ही काढायला लावलंत.

तिचं काय चुकत होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. चुकत असेलही, तुमची नजर त्या कामात मुरलेली आहे. पण नवी बाई मिळेपर्यंत बाबांना अंघोळ कुणी घातली? खुबा मोडलेल्या माणसाला अंघोळ घालायला किती ताकद लागते, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही विमानात बसलात आणि ते काम तुमच्या भावाच्या पाठीवर आलं. त्या पाठीतून 'सल्ले पाठवू नकोस' हे वाक्य निघालं आहे.

वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये एक शब्द आहे, 'कॅलिफोर्नियाची मुलगी'. १९९१ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात तो छापूनही आला. लांब राहणारं अपत्य एके दिवशी विमानाने येतं, जवळच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून जे ठरवलेलं असतं ते उलटंपालटं करतं, आणि परत जातं. म्हणे कॅलिफोर्नियातले डॉक्टर तिलाच 'न्यूयॉर्कची मुलगी' म्हणतात. रागावू नका. ती मुलगी दुष्ट नसते. वर्षभर काही करता आलं नाही, याची टोचणी ती दहा दिवसांत फेडू बघत असते.

मी कुणाच्या बाजूची आहे ते सांगून टाकते, म्हणजे माझं बोलणं तेवढं वजा करून ऐकता येईल. मी राहिलेल्यांपैकी आहे. माझी मोठी बहीण दूरदेशी गेली आणि आईपाशी मी राहिले. बहिणीचा फोन दर रविवारी सकाळी यायचा. त्या काळी फोनवर चेहरा दिसत नसे, तरी आई आधी केस विंचरून, चांगली साडी नेसून फोनपाशी बसायची. आवाजही वेगळा लावायची. "सगळं छान आहे. गुडघा? छे, कसला गुडघा!" फोन ठेवला की तोच गुडघा पुढे करून माझ्याकडे तेल मागायची. बहिणीने पाठवलेला स्वेटर आल्या-गेल्याला दाखवायची आणि पुन्हा कपाटात ठेवायची. अंगात रोज घालायची तो मी आणलेला. त्याबद्दल तिने कधी कुणाला काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा मला बहिणीचा राग यायचा. बहिणीला वाटायचं की आई ठणठणीत आहे आणि मी उगाच रडगाणं गाते. आम्ही दोघी आपापल्या जागी खरं बोलत होतो, कारण आई दोघींना दोन वेगळ्या आया दाखवत होती. लांबच्या मुलाला आईबाप आपली दिवाणखान्याची खोली दाखवतात आणि जवळच्याला मोरी. तुमचंही तसंच आहे. फरक एवढाच की तुमच्या आईचं रडं निदान भावाने तुमच्या कानावर घातलं. त्याने चहाडी केली असं समजू नका. घराची ती दुसरी खोली त्याने तुम्हाला दाखवली.

आईच्या रडण्याबद्दलही थोडं बोलते. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधून मुलगा किंवा मुलगी अमेरिकेला निघाली, की आदल्या रात्री घरी सगळे जागरणाला जमत. माणूस मेल्यावर जसं जागतात तसंच, आणि त्याचं नावही तेच, 'अमेरिकन वेक'. पुन्हा भेट नाही हे सगळ्यांना माहीत असायचं. निर्दय वाटतं, पण त्या आयांचं रडणं कुठेतरी टेकत असे. तुमच्या आईला ती सोय नाही. तुम्ही आहातही आणि नाहीही. रोज पडद्यावर दिसता, पण हात लावता येत नाही. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी अशा दुःखाला नाव दिलं आहे, 'अँबिग्युअस लॉस', म्हणजे धूसर हरवणं. त्यात हरवणं अर्धवट असतं, म्हणून त्याचा शोकही पुरा होत नाही. यावर उपाय म्हणून कुणी जास्त फोन करायला सांगेल. मी सांगणार नाही. फोनची वेळ ठरलेली असू द्या आणि तो ठेवताना पुढचा कधी, ते सांगून ठेवा. बाकी आईला रडू द्या. सोळा वर्षं लांब राहणाऱ्या मुलीसाठी आईने रडणं हा काही आजार नव्हे.

आता भाऊ. सगळ्यांत जास्त काम इथेच आहे.

तुम्ही नर्स आहात, तेव्हा तुमच्याच भाषेत बोलते. ड्यूटी संपताना चार्ज दिल्याशिवाय तुम्ही वॉर्डमधून पाय बाहेर काढत नाही. कुणाला रात्री काय झालं, कुणाचं कुठलं औषध बदललं, सगळं पुढचीला सांगायचं आणि मगच निघायचं. पुढची आलीच नाही, तर थांबायचं. तुमचा भाऊ किती वर्षं थांबलाय? त्याची बदली आलेलीच नाही. मग एक दिवस बदली आल्यासारखं वाटलं, तर तिने चार्ज न घेताच सगळा वॉर्ड नव्याने लावला आणि दहा दिवसांनी चार्ज न देताच निघून गेली.

त्याला फोन करा. माफी मागताना ती त्या बाईबद्दलची मागा. 'माझं काही चुकलं असेल तर' अशी घाऊक माफी कुणालाच नको असते. "तिला काढायला लावून मी निघून आले आणि ते सगळं तुझ्या अंगावर पडलं, हे चुकलं," एवढंच म्हणा. मग थांबा. तो बोलेल किंवा बोलणार नाही. नाही बोलला, तरी फोनवर शांत बसा. 'मी तुझ्यासाठी काय करू' असं विचारू नका. थकलेल्या माणसाला तो प्रश्न म्हणजे आणखी एक काम असतं.

त्याऐवजी काही कामं पूर्ण उचला, अर्धी नकोत. औषधांचा साठा बघणं, संपायच्या आधी मागवणं, डॉक्टरांच्या तारखा घेणं, विम्याची कागदपत्रं, घरची बिलं, हे सगळं आता लांबून होतं. त्या मदतनीस बाईच्या जागी जी आली असेल तिचा पगार, तिची रजा, ती रजेवर असली की दुसरी शोधणं, हेही. मात्र घेतलं की ते तुमचं. भावाला त्याची आठवण करून द्यावी लागली, तर ते त्याचंच राहिलं. आणि एक नियम मान्य करून टाका, जो जवळ आहे तो ठरवणार. तुमचं मत हवं असेल तेव्हा तो विचारेल. नर्स म्हणून एखादी गोष्ट धोक्याची वाटली तर जरूर बोला, पण कॉट कुठल्या भिंतीला असावी, हा धोका नव्हे.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्ही पाठवताच. २०२४ मध्ये स्थलांतरितांनी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत घरी पाठवलेली रक्कम जागतिक बँकेच्या अंदाजाने ६८५ अब्ज डॉलर होती. त्या देशांत आलेली थेट परदेशी गुंतवणूक आणि मिळालेली मदत, दोन्ही मिळूनही त्यापेक्षा कमी. तुमचे पैसे त्या आकड्यात मोजले गेले आहेत. भावाच्या रात्री कुठल्याच तक्त्यात नाहीत. त्याने सोडलेली बढती किंवा नाकारलेली दुसऱ्या शहरातली नोकरी असेल, तर तिचा हिशोब तुम्ही दोघांनी बसून करा. त्याला जे द्याल ते भेट म्हणून देऊ नका, मोबदला म्हणून द्या. घराचं पुढे काय, हेही याच बैठकीत बोला. वाईट दिसतं म्हणून लोक हा विषय टाळतात आणि मग तोच वकिलामार्फत बोलतात.

नवऱ्याचं म्हणणं, आईबाबांना इकडे आणू. त्यात माया आहे, पण आधी तुमच्या देशाचा कायदा बघा. युरोपीय संघाच्या २००३ च्या कुटुंब-एकत्रीकरणाच्या निर्देशात जोडीदार आणि अल्पवयीन मुलं हे कुटुंब. आईवडिलांना येऊ द्यायचं की नाही, ते ज्या त्या देशाच्या मर्जीवर. म्हणजे कागदावर आईबाप कुटुंबात धरलेलेच नाहीत. इतरत्रही त्यांच्या व्हिसाच्या आणि आरोग्यविम्याच्या अटी बहुधा कडक असतात. उलट चीनने २०१३ मध्ये कायदाच लागू केला, की वेगळं राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांना वरचेवर भेटायला जावं. १९८० च्या सुमारास सुरू झालेलं एकाच अपत्याचं धोरण तिथे २०१५ च्या अखेरपर्यंत चाललं. त्या मुलांवर आईबाप आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा अशी सहा माणसं आली. धोरण सरकारचं आणि भेटीला जायचं मुलांनी. मला तो कायदा वाचून हसू आलं होतं, मग नाही आलं.

कायद्याची अडचण नसलीच, तरी भावाचा प्रश्न उरतोच. त्यांना विचारलंत का? वेगवेगळं विचारा, आई आणि बाबा समोरासमोर नसताना. व्हिएन्नातल्या वृद्धांचा अभ्यास करून लिओपोल्ड रोझेनमायर आणि एव्हा केकाइस यांनी १९६० च्या दशकात एक गोष्ट मांडली होती. बहुतेक म्हाताऱ्यांना मुलांच्या जवळ राहायचं असतं, मुलांच्या घरात नव्हे. अंतर राखून जवळीक. मला पत्रं लिहिणाऱ्या आजी-आजोबांतही हेच दिसतं, फक्त ते मुलांसमोर बोलत नाहीत, त्यांना वाईट वाटेल म्हणून. तुमच्या वडिलांना काठी घेऊन खालच्या बाकापर्यंत जाता येत असेल आणि तिथे त्यांच्यासारखेच दोघंतिघं येऊन बसत असतील, तर तो बाक तुम्हाला तिकडे नेता येणार नाही. तिकडे ते तुमच्या घरात सुरक्षित असतील, आणि तुम्ही दोघं कामावर गेल्यावर भाषा न कळणाऱ्या टीव्हीसमोर असतील. एकदा तीन महिन्यांसाठी बोलावून बघा, तेही हिवाळा सोडून. राहिले तर राहिले.

आणि तुमचं परत जाणं? राव्हेनस्टाइन या अभ्यासकाने १८८५ मध्ये स्थलांतराचे नियम मांडले, त्यातला एक असा, की माणसांच्या प्रत्येक लोंढ्याला उलट दिशेचाही एक लोंढा असतो. माणसं परततात, पूर्वीपासून परतत आली आहेत, त्यात पराभव नाही. पण तुम्ही परत जाऊ इच्छिता ते प्रायश्चित्त म्हणून. त्यात तुमच्या मुलाचं आणि नवऱ्याचं आयुष्य ओढलं जाईल आणि आईबाबांना त्याचं ओझं वाटेल. 'आमच्यासाठी सोडून आली' हे वाक्य म्हाताऱ्या माणसांना फार दिवस पेलत नाही.

शिवाय तुम्ही जिथून निघालात ती जागा आता तिथे नाही. जपानच्या शिकोकू बेटावर नागोरो नावाचं खेडं आहे. त्सुकिमी आयानो नावाची बाई शहर सोडून तिथे परत आली, वडिलांना सांभाळायला. गावातली माणसं कमी होत चालली होती. तिने शेतात एक बुजगावणं उभं केलं, ते वडिलांसारखं दिसायला लागलं. मग मेलेल्यांच्या, गाव सोडून गेलेल्यांच्या बाहुल्या ती करत गेली, माणसाएवढ्या. आज गावात माणसांपेक्षा बाहुल्या जास्त आहेत. शाळा २०१२ मध्ये बंद पडली, वर्गातल्या बाकांवर बाहुल्या बसल्या आहेत. तुमच्या गल्लीत बाहुल्या नसतील. पण आईला दिवस एकटीने काढावा लागतो, तो एकट्या तुमच्यामुळे नव्हे. शेजारणीची मुलंही गेली, त्यांच्या शेजारणीचीही गेली. आईच्या आईपाशी नुसती नऊ मुलं नव्हती, मुलं असलेली अख्खी गल्ली होती. तुम्ही एकट्या परत जाऊन गल्ली परत येणार नाही.

तुम्हा तिघांना तिथे राहायचंच असेल, काम मिळत असेल, मुलाला ते पटत असेल, तर खुशाल जा. नसेल, तर पैसे देऊन सांभाळणारं माणूस ठेवण्यात काही उणेपणा मानू नका. मुलांनी आईबापांचं करावं हा संस्कार ज्या जपानमध्ये इतका खोल, त्या देशानेही २००० साली वृद्धांच्या शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा आणला. जर्मनीने तो १९९५ मध्येच आणला होता. घरातल्या दोन माणसांना हे झेपत नाही, हे सरकारांनी केव्हाच मान्य केलंय. घरांत ते अजून मान्य होत नाही. तुम्ही स्वतः ज्या केंद्रात काम करता, तिथल्या आजीआजोबांच्या मुलांना तुम्ही मनातल्या मनात निर्दय म्हणता का? प्रामाणिकपणे बघा. म्हणत असाल, तर तीच शिक्षा तुम्ही स्वतःला देत आहात.

मुलगा आणि आजी यांची मला फारशी काळजी वाटत नाही. त्याला तिचं कळतं, हे पुष्कळ झालं. दोघांना समोरासमोर बसवून 'बोल आजीशी' म्हणणं बंद करा. तिला तुमच्या लहानपणच्या खोड्या सांगायला सांगा, त्याने ऐकत ऐकत चित्र काढावं आणि शेवटी दाखवावं. आईची फजिती ऐकायला कुठल्या मुलाला आवडत नाही? एखादा शब्द त्याच्या तोंडून आपसूक निघेल. नाही निघाला, तरी ते हसतात असं तुम्हीच लिहिलंय.

तर आता करायचं ते एवढंच. वर्षातून एकदा किंवा जमल्यास दोनदा, तीन-तीन आठवड्यांसाठी जा, पण पाहुणी म्हणून नको. बदलीवर जा. तिकीट काढायच्या आधी भावाला विचारा, "तुला कुठले दिवस मोकळे हवेत?" पोचल्यावर पहिले दोन दिवस काही हलवू नका, काही बदलू नका, त्याच्याकडून नीट चार्ज घ्या. बाबांना कुठल्या कुशीवर झोप लागते, आई कुठली गोळी जिभेखाली लपवते, रात्री दिवा कुठला ठेवायचा, सगळं लिहून घ्या. मग त्याला घराबाहेर काढा, बायकोमुलांसह किंवा एकटा, त्याला वाटेल तिथे. तो गेल्यावर त्याला फोन करू नका. फार तर तिसऱ्या दिवशी एकदा करा आणि विचारा, बाबा औषध घ्यायला नाही म्हणताहेत, तू कसं देतोस?